मुलांचं शेवटचं वर्ष त्यांच्या वर्गालाही मिळू द्या: अमेरिकेतल्या छोट्या गावांमधल्या मराठी आईबाबांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात राहणाऱ्या, आणि ज्यांची मुलगी किंवा मुलगा यंदा हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात, म्हणजे सिनिअर इयरला आहे, अशा मराठी आईबाबांना हे पत्र लिहिते आहे. मी अशाच एका गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि शाळेच्या इयरबुकचं, म्हणजे दरवर्षी निघणाऱ्या सचित्र वार्षिकाचं, कामही माझ्याकडे आहे. बालवाडी ते बारावी एकाच आवारात, एका इयत्तेत वीस-पंचवीस मुलं, शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या मैदानावर अख्खं गाव, अशी ही शाळा. तुमच्या मुलांची शाळाही थोड्याफार फरकाने अशीच असणार.

माझं मागणं सरळ आहे. या वर्षी वर्ग जी थट्टामस्करी करेल, जे फोटो काढेल, एकमेकांबद्दल जे काही वेडंवाकडं लिहील, त्यात तुमच्या मुलांना असू द्या. नुसती परवानगी देऊन थांबू नका, त्यासाठी लागणारा वेळही द्या. आपल्या घरांमधून हा वेळ मिळत नाही, हे मी इयरबुकची पानं लावताना बघते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आपण या गावांमध्ये कसे आलो ते आठवा. बरेच जण डॉक्टर म्हणून आले. १९९४ मध्ये नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या पुढाकाराने एक तरतूद झाली. जे-१ या तात्पुरत्या व्हिसावर रेसिडेन्सी (रुग्णालयातलं प्रशिक्षण) केलेल्या परदेशी डॉक्टरने डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं, तर दोन वर्षं मायदेशी जाऊन राहण्याची त्याची अट माफ होते. सुरुवातीला प्रत्येक राज्याला वर्षाला २० जागा होत्या, आज ३० आहेत. त्या जागांवर कुणी नेब्रास्कात आलं, कुणी कॅन्ससमध्ये, कुणी डकोटात. कुणी कारखान्यात इंजिनिअर म्हणून, कुणी लहानशा कॉलेजात प्राध्यापक म्हणून. तीन वर्षांचा विचार करून आलेली कुटुंबं मुलं शाळेत रमली म्हणून तिथेच राहिली.

मराठी मंडळ मात्र दोन-तीन तासांवरच्या शहरात. गणपती तिथे, दिवाळी तिथे, नाटकाच्या तालमी तिथे. मला हे सगळं प्रिय आहे आणि माझ्या घरीही शनिवार-रविवार गाडीतच जातात. पण होमकमिंगचा, म्हणजे शाळेच्या शरदातल्या स्नेहमेळाव्याचा, शनिवार आणि मंडळाचा कार्यक्रम एकाच दिवशी आला की आपल्या घरात निर्णय जवळजवळ नेहमी एकाच बाजूने लागतो, आणि तो का लागला हे मुलांना वर्गात समजावून सांगता येत नाही. त्यात शेवटचं वर्ष म्हणजे प्रवेशअर्जांचं वर्ष. पहिल्या अर्जांची मुदत एक नोव्हेंबरच्या आसपास, उरलेल्यांची जानेवारीत, कॉलेज पक्कं करायचं एक मेपर्यंत, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात एपीच्या, म्हणजे शाळेतच शिकलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या, परीक्षा. नेमका याच महिन्यांत वर्ग निरोपाची तयारी करत असतो. मुलं दोन्ही ओढून नेतात. एक सोडायची वेळ आली की वर्गाचं सुटतं.

आता हा निरोप कसा असतो ते सांगते, कारण तुमच्यातल्या अनेकांनी तो वाचलेलाच नसतो.

सगळ्यांत गमतीचा भाग म्हणजे क्लास विल, वर्गाचं मृत्युपत्र. शाळा सोडणारा प्रत्येक जण थेट कायद्याच्या भाषेत लिहितो: मी, अमुक तमुक, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने, माझी पुढील मालमत्ता अकरावीतल्या मंडळींच्या नावे करतो. मालमत्ता काय, तर लाथ मारल्याशिवाय न उघडणारं लॉकर. बसमधली मागची सीट. पोचा पडलेला ट्रॉम्बोन, आणि तो सुरात वाजवण्याची अशक्य जबाबदारी. पार्किंगमधली झाडाखालची जागा. उशिरा आल्यावर ऑफिसातून सहीची चिठ्ठी कशी मिळवायची याचं ज्ञान. धाकट्या भावाला मोठ्या बहिणीची गाडी मिळते आणि तिच्या इंजिनाचा आवाजही मिळतो. काही ओळी बाहेरच्याला कळणारच नाहीत अशा असतात, आणि त्या मी कधी समजावून मागत नाही.

दुसरा भाग क्लास प्रॉफेसी. वर्गातली दोन-तीन लिहिणारी मुलं बसतात आणि वीस वर्षांनी सगळे पुन्हा भेटले तर कोण काय करत असेल याची गोष्ट रचतात. तिसरा भाग सुपरलेटिव्हचा, म्हणजे मतदान करून दिलेल्या पदव्या. तुमच्यातल्या ज्यांनी कॉलेजच्या गॅदरिंगला फिशपाँड वाचले आहेत किंवा खाल्ले आहेत, त्यांना याची जात लगेच ओळखू येईल. नाव पुकारलं गेल्यावर छातीत जे धस्स व्हायचं आणि मग हसू फुटायचं, तेच इथे होतं. फरक इतकाच की इथे लिहिणारा आपलं नाव लपवत नाही.

या ओळी पोरकट दिसतात खऱ्या. पण लहान वर्गात त्या लिहायला फार बारीक लक्ष लागतं. माझ्या शाळेतली बहुतेक मुलं बालवाडीपासून एकत्र असतात, म्हणजे तेरा वर्षं. कोण चाचणीआधी नखं खातं, कोण दुसऱ्याचा डबा उघडून बघतं, कुणाच्या आईने आजारी मित्राला रोज घरी सोडलं, हे सगळ्यांना माहीत असतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हे एकमेकांना थेट सांगता येत नाही. "तू मला आवडतोस, तुझी आठवण येईल" असं म्हणण्यापेक्षा त्यांना एखादं मोडकं लॉकर नावावर करणं सोपं जातं. विनोद हीच त्यांची प्रेमाची रीत आहे, आणि ती मी फार मोलाची मानते.

आपल्या मुलांच्या वाट्याला यातलं काय येतं, ते सांगायलाच हवं. बऱ्याचदा येते एकच पदवी: आयुष्यात सर्वांत यशस्वी होईल असा किंवा अशी. आईबाबा ते पान फोटो काढून भारतात पाठवतात. मुलाच्या हुशारीचा मलाही अभिमान असतोच. पण इतकी वर्षं ही पानं लावल्यावर माझं मत झालं आहे की वर्ग ही पदवी पुष्कळदा अशा मुलाला देतो, ज्याच्याबद्दल दुसरं काही लिहायला वर्गाकडे नसतं. मार्क सगळ्यांना दिसतात, म्हणून ते लिहिलं जातं. त्याउलट एखाद्या मुलीला जेव्हा "हिच्याकडे जास्तीचं पेन नेहमी असतं" अशी पदवी मिळते, किंवा एखाद्या मुलाला अकरावीतला कुणी विनवतो की जाताना तुझं ते खदखदून हसणं मला देऊन जा, तेव्हा मला कळतं की या पोराला वर्गाने पाहिलेलं आहे. तुमच्या मुलांना ही दुसऱ्या प्रकारची ओळ मिळावी, एवढ्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

ही प्रथा आली कुठून, हेही थोडं सांगते, म्हणजे ती कुणाच्या लहरीतून निघालेली नाही हे दिसेल. छापील वार्षिकांचा मागोवा सहसा येल कॉलेजच्या १८०६ च्या वर्गापर्यंत नेला जातो. हायस्कूलमधल्या सर्वांत जुन्या वार्षिकांत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हिल गावच्या शाळेचं १८४५ चं वार्षिक मोजतात. फोटो छापणं स्वस्त झालं ते हाफटोन, म्हणजे ठिपक्यांनी चित्र उमटवणारी, छपाई आल्यावर, १८८० नंतर. आणि मग एक मोठा बदल झाला. १९०० साली या देशात सतरा वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम ६ टक्के हायस्कूल पूर्ण करत होती. १९४० पर्यंत हे प्रमाण अर्ध्याच्या वर गेलं. शेतकऱ्याच्या, खाणकामगाराच्या, नुकत्याच आलेल्या स्थलांतरिताच्या घरात पहिल्यांदा कुणी बारावी होत होतं, आणि गावासाठी तो सोहळा होता. निरोपाच्या रात्री वर्गाचा इतिहास, वर्गाचं मृत्युपत्र, वर्गाचं भविष्य मोठ्याने वाचलं जाई. वर्गाचं ब्रीदवाक्य असे, वर्गाचं फूल असे, रंग असत. गावची वर्तमानपत्रं हे सगळं छापत. म्हणजे स्थलांतरितांची मुलं या पानांवर सुरुवातीपासून आहेत. ही जागा आपलीही आहे.

याचं मला सर्वांत हलवून टाकणारं उदाहरण मँझनारचं वाटतं. दुसरं महायुद्ध चालू असताना, फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागात, ओवेन्स खोऱ्यात, काटेरी तारांच्या आत मँझनारची छावणी होती. एका वेळी १०,००० माणसं तिथे राहत. १९४२ च्या शरदात तिथे शाळा सुरू झाली तेव्हा बाकंसुद्धा नव्हती, मुलं जमिनीवर बसत. आणि १९४४ मध्ये त्या शाळेच्या मुलांनी इयरबुक काढलं. खेळ, नाटक, वर्गांचे फोटो, सगळं त्यात आहे. छावणीतच अडकलेले छायाचित्रकार टोयो मियाताके यांनी त्यासाठी फोटो काढले. याच मियाताकेंनी भिंग लपवून आत आणलं होतं आणि लाकडाचा कॅमेरा बनवून घेतला होता. पुढे त्यांना उघडपणे काम करायची परवानगी मिळाली.

त्या मुलांना "हा टाइमपास कशाला" असं विचारण्याचा अधिकार कुणाला होता? त्यांच्यावर पहारा होता, पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं, तरी आपल्या वर्गाचा फोटो नीट यावा म्हणून ती केस विंचरून उभी राहिली. तारेबाहेरच्या त्यांच्या वयाच्या मुलांसारखंच आपलंही शेवटचं वर्ष पानावर असावं, एवढी त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी पुरी केली. ही पानं बघितल्यापासून मी आमच्या मुलांना शेवटच्या तारखेवरून कधी रागावले नाही असं म्हणणार नाही, पण त्यांच्या कामाला हलकं मात्र लेखत नाही.

त्याच वर्षांत उरलेल्या देशात वर्गातली मुलं पदवीदानाआधीच सैन्यात भरती होत होती. अनेक राज्यांनी नंतर कायदे करून अशा म्हाताऱ्या सैनिकांना हायस्कूलचं प्रमाणपत्र दिलं. आणि छोट्या गावांना तर दुसरीही एक भीती आहे, शाळाच राहणार नाही याची. १९३९-४० मध्ये अमेरिकेत १,१७,००० हून जास्त शालेय जिल्हे, म्हणजे गावोगावच्या शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्था, होत्या. एकत्रीकरण होत होत आज त्या १३,००० च्या आसपास आहेत. शाळा शेजारच्या गावात विलीन झाली की इमारत विकली जाते, चषकांची कपाटं कुठल्या तरी तळघरात जातात. वर्ग कसा होता, कोण कुणाशी कसं बोलत होतं, हे इयरबुकांतच उरतं. म्हणून गावोगावची ग्रंथालयं ती स्कॅन करून ठेवतात. ओक्लाहोमाच्या तुरुंग खात्याच्या एका उपक्रमात कैद्यांनी हे स्कॅनिंग केलं आहे, देशभरातल्या ग्रंथालयांसाठी. पुढे कधी तुमच्या नातवंडांनी हे गाव शोधलं, तर त्यांना आजी किंवा आजोबा याच पानांवर सापडतील. सापडावेत.

तुमची भीतीही मला माहीत आहे. थट्टेच्या नावाखाली आपल्या मुलाच्या रंगावर, उच्चारांवर, डब्यातल्या वासावर कुणी काही छापलं तर? ही भीती खोटी नाही. जुन्या इयरबुकांत अशा ओळी आहेत आणि त्या वाचून आजही संताप येतो. म्हणूनच अनेक शाळांनी काही पदव्या बंद केल्या, काहींनी मृत्युपत्रच बंद केलं. छापण्याआधी आम्ही प्रत्येक ओळ वाचतो. मुलांचं नियतकालिक शाळेच्या पैशाने निघत असेल तर शैक्षणिक कारणासाठी मुख्याध्यापक मजकूर थांबवू शकतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा निकाल आहे. मिसुरीतल्या हेझलवुड शाळेच्या विद्यार्थ्यांनी तो खटला लढवला होता आणि ते हरले. त्यानंतर आयोवाने १९८९ मध्ये आणि कॅन्ससने १९९२ मध्ये कायदे करून विद्यार्थ्यांना जास्त मोकळीक दिली. पण बदनामीला किंवा छळाला ती मोकळीक कुठेच नाही.

माझी स्वतःची कसोटी अशी: विनोद मुलगा जे करतो त्यावर असेल तर राहू द्यायचा, तो जो आहे त्यावर असेल तर काढायचा. रोज घंटेनंतर दोन मिनिटांनी धावत येणाऱ्यावर हसावं, त्याच्या आडनावावर नाही. आणि ज्याच्यावर ओळ आहे त्याला ती आधी दाखवायची. तुमच्या शाळेत ही पद्धत नसेल तर इयरबुकच्या शिक्षकांना जरूर विचारा, आग्रह धरा. एखादी ओळ खुपली तर लगेच फोन करा. फक्त सगळी थट्टाच पुसून टाका असं म्हणू नका. मुलीला विचारा, तुला ही ओळ हवी आहे का? ती हो म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवा.

आता इयरबुकातल्या त्या छोट्या यादीबद्दल, जी मला दरवर्षी जड जाते. वर्गाच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत "फोटो नाही" असं लिहून काही नावं येतात. कधी फोटोच्या दिवशी मूल गावात नव्हतं, कधी घरी कुणी चिठ्ठी वाचलीच नाही. आणि कधी कारण एका फॉर्ममध्ये असतं. १९७४ च्या फेर्पा कायद्याने पालकांना मुलांची माहिती प्रसिद्ध करू नका असं सांगण्याचा हक्क दिला आहे. हक्क चांगला आहे. पण अनेक शाळांमध्ये त्याच चौकटीत इयरबुकही येतं, आणि खबरदारी म्हणून केलेल्या एका खुणेने मूल वर्गाच्या पानावरून गळतं. फॉर्म नीट वाचा, गरज असेल तर शाळेला लिहून कळवा की इयरबुकला आमची हरकत नाही. मूल अठरा वर्षांचं झालं की हा निर्णय त्याचा स्वतःचा असतो, हेही लक्षात घ्या.

आईबाबांनी मुलांसाठी घ्यायचं पान बहुतेक इयरबुकांत असतं. बाळपणीचा फोटो आणि दोन ओळी. कृपया ते मराठीत लिहा. गावातल्या कुणाला वाचता येणार नाही म्हणून संकोचू नका. ते तुमच्या मुलासाठी आहे, आणि इतर मुलं त्याला त्या ओळींचा अर्थ विचारतातच. इयरबुकच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जोडाक्षरं अनेकदा फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. तेव्हा मजकूर टाइप करून पाठवण्याऐवजी त्याचं चित्र किंवा पीडीएफ पाठवा, आणि छापण्याआधीचा नमुना स्वतः तपासा. पान विकत घेणं किंवा इयरबुकच घेणं परवडणारं नसेल तर इयरबुकच्या शिक्षकांना एकांतात सांगा. अशा वेळी मदतीची सोय बऱ्याच शाळांत असते, आणि आम्ही ते कुणाला कळू देत नाही.

तसंच पदवीदानाच्या आधी मुलांना एक कार्ड दिलं जातं. आपलं नाव कसं उच्चारायचं ते त्यावर लिहायचं असतं. आपली मुलं पुष्कळदा "कसंही म्हणा, चालेल" असं सांगून ते कोरं परत देतात. ते त्यांच्यासोबत बसून भरा. नाव वाचणाऱ्या माणसाला फोन करून ऐकवलं तरी कुणी वाईट मानत नाही, उलट आम्हाला हायसं वाटतं. ज्या वर्गाने तुमच्या मुलाला इतकी वर्षं बरोबर हाक मारली, त्याला व्यासपीठावर ती चुकलेली ऐकायची नसते.

मे महिन्यात इयरबुकं हातात पडतात त्या दुपारी मुलं एकमेकांच्या प्रतींवर सह्या करत बसतात. त्या दिवशी क्लास, शिकवणी, शहरातली तालीम यांतलं काही ठेवू नका. एपीचा पेपर दुसऱ्या दिवशी असला तरीही एवढा वेळ निघतो. घरी आल्यावर मुलगी इयरबुकची पानं दाखवेल तेवढीच बघा, सगळी पानं मागू नका. आणि तिने ती दाखवली, तर कोण कुणाला काय देऊन गेलं ते तिला विचारा. तुम्हाला ती गावातली अशी माणसं सांगेल, जी तुम्हाला इतकी वर्षं फक्त दवाखान्यात किंवा दुकानाच्या रांगेत भेटली आहेत.

शाळा आता सुरू झाली आहे. सिनिअरच्या फोटोची मुदत बहुतेक ठिकाणी शरद संपायच्या आत असते, पालकांच्या पानाची हिवाळ्यात, आणि मृत्युपत्राचा मजकूर त्यानंतर थोड्याच आठवड्यांत मागितला जातो. या आठवड्यात शाळेच्या ऑफिसला फोन करून तिन्ही तारखा मागून घ्या आणि प्रवेशअर्जांच्या तारखांशेजारी त्याच कॅलेंडरवर लिहा.

तुमची,
छोट्या गावातल्या शाळेतली एक मराठी शिक्षिका